वरच्या फळीचे ठसे

रत्नदीप गेला तेव्हा सरिता रडली नाही, हे हिंगणघाटच्या त्या गल्लीत अजून सगळ्यांना पाठ आहे. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, दिवशी बायका तिच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. एकीनं तर तिला खांद्याला धरून हलवलंसुद्धा. "रड वं बाई, मोकळी होय." सरितानं मान डोलावली आणि भात पुरेल का ते बघायला आत निघून गेली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! कोणी म्हणालं, बाई काळजाची घट्ट आहे. कोणी म्हणालं, दोघांत काहीतरी बिनसलेलं असेल. बिनसलेलं काही नव्हतं. तिला खरोखरच काही वाटत नव्हतं, आणि नसलेलं रडू आणायचं कुठून, एवढाच तिचा प्रश्न होता. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी तो दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिला सगळ्या अंगाचं झालं होतं.

सरिता मूळची हिंगणीची. तिचे वडील डोमाजी तिथल्या लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला होते. रत्नदीप तेव्हा वर्ध्याकडे खादीवरची छपाई शिकत होता. महिन्यातून एकदा तो यष्टीनं हिंगणीला यायचा आणि जुन्या सागवानाचे वीतभर तुकडे जळणाच्या भावानं पोत्यात भरून न्यायचा. डोमाजींनी एकदा विचारलं, "एवढ्याशा लाकडाचं करतं काय बापू तू?" पोरानं खिशातून पिंपळपान कोरलेला एक ठसा काढला, ऑफिसातल्या स्टँपपॅडवर टेकवला आणि डोमाजींच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर दाबला. डोमाजी भडकले. पण पान इतकं सुबक उठलं होतं की सदरा त्यांनी धुवायला टाकला नाही, आणि वर्षाच्या आत मुलगीही दिली. सरिताला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं होच म्हटलं असतं, पण विचारलं नाही ही तक्रार ती तेहतीस वर्षं अधूनमधून नवऱ्याला ऐकवत आली.

लग्नानंतर दोघं हिंगणघाटला आले. भाड्याचं घर, मागे टिनाचं शेड, शेडमध्ये गोधड्या अंथरलेला लांबलचक टेबल. एका नक्षीला दोन ठसे लागतात. पहिला रेघेचा, म्हणजे पानाची कड आणि शिरा उमटवणारा. दुसरा भरीचा, त्या रेघेच्या आत रंग भरणारा. रत्नदीप पुढे चालत रेघ मारायचा. रेघ सुकली की सरिता मागून भर द्यायची. हिरव्या चादरी गिरडच्या उरुसाला जायच्या, कापसाच्या बोंडांचे पलंगपोस लग्नाच्या रुखवतात. पण खरा हंगाम दसऱ्याआधीचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला निघणाऱ्या बायका पांढरी पातळं घेऊन यायच्या आणि काठाला निळी पिंपळपानं छापून न्यायच्या.

शेडच्या भिंतीला दोन फळ्या होत्या. वरची त्याची, खालची हिची. रत्नदीप उंच, सरिता बुटकी, म्हणून सुरुवातीला सोयीनं तसं ठरलं, आणि मग तो कायदाच होऊन बसला. रेघेचे सगळे ठसे वर, भरीचे सगळे खाली. कुठल्या रेघेची भर कुठली, हे त्या दोघांनाच माहीत होतं. कुठे आकडा नाही, खूण नाही. सरितानं वरच्या फळीला कधी हात लावला नाही. धूळ पुसायची तीसुद्धा खालच्याच फळीची. वरच्या फळीवर कोळ्यानं जाळं केलं तर ती नवऱ्याला सांगायची, "तुमच्या फळीवर जायं झालं." तोही मुकाट्यानं उठून आपलं जाळं काढायचा.

बाहीवर उठलेला तो पिंपळपानाचा ठसा पुढं तडकला. देठापाशी केसाएवढा तडा गेला आणि दर पानाची रेघ तेवढ्या जागी तुटायला लागली. सरितानं न बोलता तोड काढली. भर देताना ती आपल्या ठशाच्या देठाकडच्या टोकावर अंगठा जरा जोरात दाबायची. तेवढा रंग फुगून बाहेर यायचा आणि तुटलेली जागा झाकली जायची. दोन-तीन हंगाम गेल्यावर मात्र तिनं विचारलंच.

"सगया गावाले ठसे कोरून देता. हा एक नवा काऊन नाई कोरत?"

"काऊन कोरू?" तो म्हणाला. "तू हायेस न मांगून."

त्यानंतर तो विषय निघाला नाही. वीस वर्षं पिंपळपान तसंच छापलं गेलं.

जानेवारीत रत्नदीप सकाळी दाढी करता करता गेला. मे महिन्यात घरमालकानं घर विकायला काढलं. मुलगा अश्वजित समुद्रपूरला सरकारी कचेरीत कारकून. त्यानं हिंगणघाटातच दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या पाहिल्या. शेड नाही, अंगण नाही. त्याची बायको गुंजन हिनं टेप घेऊन इंच इंच मोजलं आणि शेवटी सांगितलं की ठशांसाठी जागा एकच, आईंच्या दिवाणाच्या पोटात.

"आई, सगयं नाई मावणार," अश्वजित म्हणाला. "अर्धे तरी द्या लागन. कोणते ठेवाचे ते तू सांग. बाबाचे हायेत, मी नाई ठरवत."

म्हणजे ठरवायचं सरितानं. ती शेडमध्ये जाऊन बसली. दुपारभर बसली आणि एकही ठसा वेगळा न काढता चहाच्या वेळेला परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. गुंजन समजूतदार मुलगी. तिनं मोबाइलवर पाहिलेली युक्ती सांगितली. "आई, एकेक वस्तू हातात घ्याची. आतून बरं वाटलं तर ठेवाची, काही नाई वाटलं तर द्याची."

सरितानं इमानदारीनं तसं केलं. खालच्या फळीवरचं बोंड हातात घेतलं. काही वाटलं नाही. चाफा घेतला, काही नाही. मोर घेतला. मोर कोरताना रत्नदीपच्या बोटात पटाशी घुसली होती आणि रक्ताचा डाग अजून लाकडात होता. तो डाग तिनं पाहिला, अंगठ्यानं पुसूनही पाहिला, तरी काही वाटलं नाही.

"असं केलं तं सगयंच द्या लागन," ती म्हणाली. गुंजन हसली. सरिता हसली नव्हती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

शेवटी अश्वजितच्या ओळखीनं नागपूरहून माधवी आली. जुन्या वस्तू शोधून हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या भिंती सजवण्याचं तिचं काम. बोलायला गोड, आणि घाईतली. ती शेडमध्ये शिरली आणि सरळ वरच्या फळीशी जाऊन उभी राहिली.

"काकू, काय बारीक काम आहे न हे! हे सगळे घेते मी." मग वाकून तिनं खालच्या फळीवरचे दोन-तीन ठसे उलटसुलट केले. "हे सपाट आहेत न काकू. भिंतीवर नाही दिसणार. हे ठेवा तुम्ही."

तिची चूक नव्हती. रेघेच्या ठशात सगळी नक्षी दिसते. भरीचा ठसा म्हणजे नुसते लाकडाचे उंचवटे, बघणाऱ्याला त्यात पान कुठलं आणि फूल कुठलं ते कळणारसुद्धा नाही.

अश्वजितनं आईकडे पाहिलं. इथं सरितानं बोलायला हवं होतं. एक रेघ आणि तिची भर, अशा जोड्या लावून दिवाणात मावतील तेवढ्या ठेवायच्या, हे शहाण्या माणसाचं गणित. सरितालाही ते येत होतं. उभ्या जन्मात तिनं दुसरं केलं काय होतं? पण ठेव म्हणायचं तर वरच्या फळीला हात घालावा लागणार, आणि ती फळी तिची नव्हती. मालकाला विचारायचं तर मालक नव्हता. खालची फळी तिची, ती तर कोणी मागतच नव्हतं. मनात एवढंच आलं आणि तेवढ्यावरच तिनं निकाल लावून टाकला.

"घेऊन जाय बाई," ती म्हणाली.

माधवीनं खोकी भरली. पिंपळपान हातात आल्यावर ती जरा थबकली. "हा तडकला आहे." मग सगळ्यांबरोबर तोही खोक्यात टाकला. खालच्या फळीवरचे ठसे मोजून मापून दिवाणात बसले, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. अश्वजित म्हणाला, बघ, किती बरोबर मावलं. नव्या घरी सरिता त्या दिवाणावर झोपायला लागली आणि तिला झोपही चांगली लागायची.

ऑक्टोबरात एका दुपारी जिजाबाई दोन जिने चढून धापा टाकत आली. पंचाहत्तरीची म्हातारी. रत्नदीपनं या गावात छापलेलं पहिलं पातळ तिचं, आणि तेव्हापासून दर वर्षीचं नवं पातळ तिनं इथंच छापून नेलेलं. पिशवीतून पांढरं पातळ काढून तिनं दिवाणावर ठेवलं.

"यंदा बी छापून देजो माय. नागपूरले जाचं हाये."

"मावशी, आता ते नाई," सरिता म्हणाली.

"ते नाई हे मले मालूम हाये. मी मातीले आलतो न. तू तं हायेस?"

सरितानं चहा टाकला. म्हातारी चहा पिऊन, पातळ तिथंच ठेवून निघून गेली. गुंजननं दिवाणातून ठसे काढून दिले आणि जुना रंग कालवायला मदत केली. सरितानं दिवाणावरच गोधडी अंथरली. पातळावर हात टाकण्याआधी तिनं जुन्या चादरीचा तुकडा घेतला, पिंपळपानाचा भरीचा ठसा रंगात टेकवला आणि कापडावर ठेवून मुठीनं ठोकला. एक पान, त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं. हात चालायला लागले.

चार पानं झाल्यावर ती थांबली. पानांना कड नव्हती. शिरांच्या जागी नुसत्या पांढऱ्या वाटा राहिल्या होत्या, रेघ येईल म्हणून सोडलेल्या. ते तिला अपेक्षितच होतं. पण प्रत्येक पानाच्या देठापाशी निळ्या रंगाचा फुगीर थेंब होता. चारही पानांना, त्याच जागी, तेवढाच. तिचा अंगठा आपोआप दाबला गेला होता. झाकायला तडा नव्हता, तरी तो झाकत होता.

नऊ महिन्यांत पहिल्यांदा सरिताला कळलं की पुढं कोणी चालत नाहीये.

"गुंजन," तिनं हाक मारली, "त्या माधवीले फोन लाव."

फोन लागला. माधवी आनंदानं बोलली. ठसे एका मोठ्या हॉटेलच्या भिंतीवर लागलेत, फार छान दिसतात, फोटो पाठवते, असं भरभर सांगत सुटली. सरितानं तिला बोलू दिलं.

"त्यातला एक पाह्यजे होता मले," ती म्हणाली. "पैसे देतो मी. पिंपळपान. देठापाशी तडा गेलता, तो."

"तो तडकलेला न काकू?" माधवी आठवून म्हणाली. "अहो, तो त्यांनी घेतलाच नाही. मी तेव्हाच कचऱ्यात टाकला. तुम्हाला दुसरा देऊ का? चांगल्यातला एक मागून घेते मी त्यांच्याकडून. मोर देऊ?"

"नाई," सरिता म्हणाली. "राहू दे."

तिनं फोन गुंजनच्या हातात दिला. थाळीतला रंग वाळायला लागला होता. जिजाबाईचं पातळ तसंच घडी घालून ठेवलेलं होतं. सरितानं ते उलगडून काठ सरळ केला आणि छापायला घेतलं. गुंजन शेजारी उभी राहून बघत होती.

"आई, याले रेघ नाई काय?"

"रेघ तुह्या सासऱ्याची राहे."

तिनं आणखी दोन पानं छापली. दोन्ही देठांवर अंगठा दाबला, या वेळी जाणूनबुजून. मग हातातला ठसा बाजूला ठेवला आणि पातळ दोन्ही हातांनी उचलून, ओली पानं वर ठेवून, दिवाणाच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन पसरलं. पाणी पडलं की ओला रंग फुटतो. एवढं करून ती खाली बसली आणि रडली.