मावशीची बिनबुडाची टोपली

माझ्या मावशीने बायकांची जेवढी बाळंतपणं केली, त्याच्या दहापट तरी तिने एका टोपलीची केली असतील. दुसरबीडच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि गावोगावच्या सुइणींचे वर्ग घेई. बुरडाकडून टोपली आणायची, तिचं बूड कापायचं, वरचं तोंड आडवं आणि खालचं उभं दाबून तारेने बांधायचं, की झाली बाईच्या कमरेची हाडं तयार! त्यातून मावशी एक चिंध्यांची बाहुली खाली काढी आणि दर वेळी अशी हरखून जाई, की आता फक्त पेढे वाटायचे बाकी. "पाहा, पाहा! वरतून वाट आडवी रुंद, खालतून उभी. मंग लेकरू वळल्याबिगर येईन कसं?" वर्गातल्या सुइणी पदराआड हसत. एक म्हातारी सुईण तर तोंडावर म्हणाली, "बाई, आर्धं गाव माह्या हातानं जन्मलं. आता टोपलीले बाळंत करू काय?" मावशीने तिलाच पुढे बसवलं आणि महिनाभर बाहुली काढायला लावली.

हे वेड दवाखान्यापुरतं असतं तरी चाललं असतं. एकदा लोणारच्या एसटीत एक जाडजूड गृहस्थ गाठोड्यासकट दारात अडकले. आतले लोक त्यांना ओढू लागले, तशी मावशी सीटवर उभी राहून ओरडली, "ओढू नका हो त्याहीले! खांदा वळू द्या!" ते वळले आणि सुटले. मावशीने टाळ्या वाजवल्या, मी खिडकीबाहेर तोंड लपवलं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ती मावशीच्याच भरवशावर. तीच म्हातारी सुईण मदतीला होती. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. मावशीचा चेहरा पाहिला आणि माझा धीरच सुटला. जगाला शिकवलेलं सगळं ती भाचीसमोर विसरली होती. तिने बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओढायला लागली. म्हातारीने तिचं मनगट घट्ट पकडलं. "बाई, थांबा! वळू द्या. तुम्हीच तं शिकवलं मले." मग म्हातारीने बोटांनी खांदा हळूच फिरवला, आणि माझी लेक भोकाड पसरतच जगात आली!

पुढे प्रत्येक वर्गात मावशी हे सांगे. "माह्या भाचीच्या वक्ती मीच ओढून राह्यली होती. या म्हातारीनं वाचवलं." मला तिचा भयंकर राग येई. स्वतःची अशी फजिती कोणी चारचौघांत सांगतं का?

आता मावशी नाही. माझी लेक आठव्या महिन्यात माहेरी आली आहे आणि रोज मावशीच्या गमती विचारते. मी सांगते, आम्ही दोघी पोट धरून हसतो. पण त्या दिवशी ओढता ओढता मावशी कशी रडत होती, ते मात्र मला अजून सांगवत नाही.