पार्बताबाईचं धान

हे मी कोणालेच सांगितलं नाई — घरवालीलेही नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यलो, मलेच मालूम नाई.

आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं, जंगलाले लागून. वावरं चिकण मातीची. पाणी आटलं का दगडासारखी कडक. पहिले आम्ही पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कापसाच्या अन् तुरीच्या वाळल्या काड्या, धुऱ्यावर, बांधावर पेटवून मोकळे व्हायचो. मग मी एका शिबिरात शिकून आलो — खड्ड्यात पेटवायचं, वरून माती लोटून दाबायचं. राख नाई, कोळसा होते. तो वावरात मिसळला का माती भुसभुशीत. गाव मले मानाले लागलं. कोळशेवाले भाऊ! छाती फुगली होती बाप्पा माही.

पण तो कोळसा कोरडा टाकायचा नसते. शेणकाल्यात, गोमूत्रात मुरवावा लागते. नाईतर मातीतलं खत तोच पिऊन घेते अन् रोप उपाशी राह्यते. हे मीच सगळ्यांले सांगत फिरायचो. मीच!

त्या साली साळ्याच्या लग्नाले गेलो अन् तिकडंच रमलो. परत आलो तं ढीग तसाच, कोरडा ठणठणीत. अन् पार्बताबाई कोळसा न्याले टोपलं घेऊन दारात. एकटी बाई. तिच्याजवळ सासूपासून चालत आलेलं बारीक, वासाचं धान होतं. गावात दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं. शिजलं का गल्लीभर वास. तिले पऱ्हे टाकायची, म्हणजे रोपं करायची घाई होती. कोळसा मुरला ना भाऊ, म्हणून तिनं विचारलं. मी हो म्हणून दिलं. नाई म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं माहं?

पऱ्हे उगवले, पिवळे पडले, मरून गेले. मी पाहाले गेलो अन् पाहताच समजलो. बियाणं बुढं झालं बाई, असं मी तिले सांगितलं. तिनं एक मेलेलं रोप उपटून पाह्यलं. मग म्हणे, "घरी ढोलीत थोडं बियाणं उरलं आहे जी. वावराच्या त्या कोपऱ्यात कोळसा नाई पडला. तिथं टाकून पाहू का?"

खोटं तं बोललोच होतो. पण मले सांगायचं आहे ते हे — त्या कोपऱ्यात ते हिरवंगार उगवलं असतं, हे मले पक्कं मालूम होतं. अन् उगवलं असतं तं मी उघडा पडलो असतो. म्हणून… म्हणून मी म्हटलं, "नको बाई. हंगाम जाईल. दुकानातलं घे."

तिनं ऐकलं. उरलेलं धान मिलवर नेलं, अन् शेवटचे म्हणून डबाभर तांदूळ आमच्या घरी आणून दिले. घरवालीनं शिजवले. मी जेवलो. दुसऱ्यांदा भात मागून घेतला — कसा माणूस असंन मी?

आता ते धान कुठीच नाई. मी गुपचूप गावंच्या गावं पालथी घातली, पार सिरोंच्यापर्यंत विचारून आलो. नाई. पार्बताबाई दरसाल दुकानातून पिशवी आणते.

मागच्या उन्हाळ्यात जुनी बियाणी जमवणारी एक पोरगी गावात आली. पार्बताबाईच्या अंगणात बसली. मीही होतो. बाई तिले सांगे, माह्याच हातानं गेलं पोरी, मलेच ठेवता नाई आलं, बुढं होऊन गेलं. मग माह्याकडं पाह्यलं. "इचार या भाऊले."

मी म्हटलं, "हो. बुढंच झालं होतं."