नुसतं उभं राहायचं काम

मी पोडायट्री शिकायला अर्ज करणार आहे, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे नक्की काय करणार?" मी म्हटलं, पायांचं. पायांचे आजार, जखमा, नखं, चालण्यातले दोष. "शिकूनसवरून लोकांची नखं कापणार? अगं, आपले फादरसुद्धा पवित्र गुरुवारी चर्चमध्ये लोकांचे पाय धुतात ते वर्षातून एकदाच!" मला हसू आलं, आणि लगेच कंटाळाही आला. तिला समजवायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगायला लागणार होतं आणि मी नुकतीच शिफ्टवरून येऊन बूटही न काढता सोफ्यावर पडले होते.

पहिल्यापासून म्हणजे असं. वसईत मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. लग्न करून मेलबर्नला आले, आम्ही टार्निट या उपनगरात घर घेतलं, मुलगी झाली आणि माझी डिग्री कपाटातल्या फाइलमध्ये जाऊन बसली. पॉइंट कुकच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे, इथे सगळे त्याला नुसतं होम म्हणतात, तिथे मला केअररची नोकरी लागली. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, मोजे घालायचे, भरवायचं. काम वाईट नव्हतं. पण चाळिशी ओलांडल्यावर माझी कंबर रोज सकाळी माझ्या आधी उठून कुरकुरायला लागली. आमच्या होममध्ये ठरावीक आठवड्यांनी एक पोडायट्रिस्ट बाई यायची. ती चाकं असलेल्या स्टुलावर बसून काम करायची. खरं सांगते, आधी मला पोडायट्री आवडली नाही, ते स्टूल आवडलं.

कोर्सच्या अर्जाला दोन शिफारसपत्रं हवी होती. एक जुन्या कामाच्या ठिकाणचं आणि दुसरं अशा पोडायट्रिस्टचं, जिच्या मागे उभं राहून तुम्ही काही आठवडे काम बघितलंय. याला शॅडोइंग म्हणतात.

पहिलं पत्र सोपं निघालं. वसईच्या लॅबच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, तूच लिहून पाठव ना, मी लेटरहेडवर सही करते." आपल्याकडे असंच चालतं, त्यात त्यांनाही काही वाटलं नाही आणि मलाही. स्वतःबद्दल चांगलं लिहायला बसले तर पेन हलेना. शेवटी कष्टाळू, वक्तशीर, नम्र एवढं जमवलं. मॅडमनी सही करताना कष्टाळूच्या आधी 'अत्यंत' घातलं.

दुसऱ्या पत्रासाठी मात्र मी जोडे झिजवले. क्लिनिकमागून क्लिनिक. कुठे इन्शुरन्स आड यायचा, कुठे पेशंटची प्रायव्हसी, कुठे "ईमेल पाठवून ठेवा". ईमेलला उत्तर नाही. सकाळची शिफ्ट करून, डोळे मिटत असताना गाडी चालवत मी ही क्लिनिकं पालथी घालत होते. शेवटी धीर करून आमच्या होममध्ये येणाऱ्या त्या बाईलाच विचारलं. साठीची, उंच, कमी बोलणारी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या सुट्टीच्या दिवशी मी जिथे जाईन तिथे येत जा. पण फक्त बघायचं. हँड्स इन पॉकेट्स. चालेल?"

मी म्हटलं, नो वरीज.

आता हे खिशात हात घालून उभं राहणं मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी पाहुणी म्हणून गेले तरी ताटं उचलते. चर्चच्या सणाला मला मंडपात बसलेलं कुणी बघितलं नसेल, मी सदा मागे, पातेल्यांपाशी. समोर एक बाई वाकून काम करतेय आणि आपण मख्खासारखं बघत उभं राहायचं, ही कसली रीत? पहिल्याच दिवशी मी पेशंटचे मोजे काढून दिले. दुसऱ्या खेपेला कापलेली नखं गोळा केली, टॉवेल बदलले. मग कुणाला पाणी दे, कुणाची उशी नीट कर, कुणी घाबरलं तर हात धर. ती सुरुवातीला म्हणायची, "यू डोन्ट हॅव टू." पुढे म्हणेनाशी झाली. एकदा "यू आर अ ट्रेजर" म्हणाली. मी मनात म्हटलं, चला, पत्र पक्कं.

अर्जाची मुदत संपायच्या आठवड्यात तिने मला गाडीपाशी बोलावलं आणि फोनवर पत्र दाखवलं. "पाठवायच्या आधी तू वाचावंस असं मला वाटलं," म्हणाली. पत्र छान होतं. मी प्रेमळ, मी तत्पर, म्हातारे माझ्यावर जीव टाकतात, आणि कुठल्याही क्लिनिकला माझ्यासारखी असिस्टंट मिळाली तर त्यांचं भाग्यच. असिस्टंट. मी ते पुन्हा वाचलं. पोडायट्रिस्ट होण्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

"काही चुकलंय का यात?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. "इतके आठवडे तू माझ्याबरोबर होतीस," ती म्हणाली, "आणि तू काय बघितलंस ते मला माहीत नाही. तू सतत काहीतरी करत होतीस. मला जे माहीत नाही ते मी लिहू शकत नाही, सॉरी."

मला इतका राग आला. फुकटात राबले, आणि त्याचीच ही शिक्षा! ते पत्र गेलं तर कोर्स गेला, आणि न गेलं तर अर्जच होत नव्हता. मी म्हटलं, या गुरुवारी तू होममध्ये येतेस, मला आणखी एक दिवस दे. ती म्हणाली, "ओके. पण हात मागे."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "असिस्टंट तर असिस्टंट. वाईट काय आहे त्यात?" मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मम, जस्ट डोन्ट हेल्प. इट्स नॉट दॅट हार्ड." मी भांडी घासायला गेले. डिशवॉशर रिकामा होता तरी हाताने घासली.

गुरुवारी मी भिंतीला टेकून हात मागे बांधून उभी राहिले. म्हातारी माणसं मोज्यांशी झटापट करत होती आणि मी बघत होते. एका आजोबांनी तर दोनदा माझ्याकडे आशेनं बघितलं. दुपारपर्यंत माझी कंबर एरवीपेक्षा जास्त दुखायला लागली. काम न करण्याने कुणी इतकं दमतं हे मला ठाऊक नव्हतं.

मग आमच्या एका आजीची पाळी आली. ही एका शाळेत स्वयंपाकीण होती, डायबेटिसची जुनी पेशंट, बोलायला तिखट, आणि मी तिची लाडकी. तिच्या टाचेवर फोड आला होता, चांगला मोठा, फुटलेला. पोडायट्रिस्टने विचारलं, कधीपासून दुखतंय? आजी म्हणाली, दुखत नाहीये. पोडायट्रिस्टच्या कपाळावर आठी पडली. डायबेटिसवाल्यांच्या पायाची जाणीव तपासायची एक पद्धत आहे. पेशंटने डोळे मिटायचे, नायलॉनचा एक ताठ तंतू पायाला ठिकठिकाणी टेकवायचा, आणि जाणवलं की पेशंटने 'यस' म्हणायचं. मागच्या भेटीत हीच तपासणी झाली होती, मी होतेच, आणि आजीने प्रत्येक ठिकाणी यस म्हटलं होतं. "पुन्हा करून बघू," पोडायट्रिस्ट म्हणाली.

आजीने डोळे मिटले आणि माझ्या दिशेने हात पुढे केला. मी तो घेतला नाही. तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिने तो मांडीवर ठेवला.

पोडायट्रिस्टने तंतू अंगठ्याला टेकवला. तो वाकला, म्हणजे पुरेसा दाब पडला. आजी गप्प. मग चवड्याला टेकवला, पुन्हा वाकला. आजी गप्प. करंगळीखाली, टाचेजवळ, दुसऱ्या पायाला. आजी डोळे मिटून, शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसली होती. शेवटी तिनेच विचारलं, "हॅव यू स्टार्टेड यट, लव्ह?"



पोडायट्रिस्टने टॅब्लेटवर मागची नोंद काढली. सगळं ठीक असल्याची नोंद होती. "इतक्या थोड्या आठवड्यांत असं होत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. "कदाचित आज झोपेत असेल. पुढच्या वेळी पुन्हा बघू."

मला कळलं होतं. मागच्या वेळी मी आजीचा हात धरून उभी होते. आजी घाबरली होती म्हणून. आणि तंतू पायाला टेकला की माझा हात आपोआप तिचा हात दाबत होता, मुलीला स्पेलिंग विचारताना माझे ओठ आपोआप हलायचे तसा. मी दाबायचे, आजी यस म्हणायची. मला वाटत होतं मी तिला धीर देतेय. ती पायानं नाही, हातानं उत्तरं देत होती. पोडायट्रिस्ट खाली मान घालून पायाकडे बघत होती, तिला हे दिसणं शक्यच नव्हतं. आणि मी बघत नव्हते, मी मदत करत होते.

गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पत्र त्याच बाईच्या हातात होतं, मुदत उद्याची, आणि तिला मी जाऊन सांगायचं की तुझी तपासणी मी बिघडवली? मी इतकी थकले होते की क्षणभर वाटलं, जाऊ दे, पुढच्या वेळी कळेलच तिला. पण पुढची वेळ म्हणजे कितीतरी आठवडे, आणि तो फोड समोर उघडा होता. मी सांगितलं. इंग्रजी अडखळलं, दोनदा वाक्य सुरू करून सोडलं, पण सांगितलं.

तिने चष्मा काढला. "पुन्हा सांग. सावकाश." मी पुन्हा सांगितलं. तिने ते सगळं नोंदीत लिहिलं, फोडाला पट्टी केली, नर्सला बोलावलं. "तू तिचा हात धरलेला मला माहीत होतं," जाताना एवढंच म्हणाली. "मी सोडायला सांगायला हवं होतं." पत्राचा विषय तिने काढला नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र आलं. त्यात असिस्टंट हा शब्द नव्हता. गुरुवारी काय घडलं ते तिने जसंच्या तसं लिहिलं होतं, माझ्या चुकीसकट. खाली लिहिलं होतं, हिला शिकवायला मला आवडेल. हे कौतुक की तक्रार, ते मला समजेना. माझ्यात अजून एक पत्र मिळवायचं त्राण नव्हतं, म्हणून तेच अपलोड केलं आणि झोपले.

मधल्या काळात आजीचे नियम बदलले. ती रोज दुपारी होमच्या मागच्या हिरवळीवर अनवाणी चालायची, एवढी एकच तिची चैन होती. ते बंद झालं. पायात काही रुतलं तरी तिला कळणार नव्हतं. तिला जाड, बंद बूट मिळाले, झोपेपर्यंत पायातच ठेवायचे. ती हिरवळीच्या कडेला बाकावर बसून राहायची आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. हे कुणामुळे झालं ते तिला बरोबर ठाऊक होतं.

प्रवेश मिळाल्याची ईमेल आली त्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि तिला सांगायची भीती वाटत होती. तिनेच विचारलं, "शाळेचं झालं का तुझ्या?"

मी म्हटलं, झालं.

"गुड गर्ल," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मग तिने आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. तिने दोन्ही पाय माझ्यापुढे केले आणि हळूच म्हणाली, "आता काढ हे. पाचच मिनिटं. तू मला कधी 'नाही' म्हटलेलं नाहीस."

ते खरं होतं. माझे हात बुटाच्या पट्टीपर्यंत गेलेसुद्धा.

मी बूट काढले नाहीत. तिने पाय मागे घेतले आणि तोंड फिरवलं.