ब्लाऊजवरचा केना

बारावीला मला बॉटनीत नापास करणाऱ्या जगदाळे मॅडम आज सकाळी गेल्या.

माझं दुकान चालतंय ते त्यांच्यामुळं.

येरमाळ्यात मी आरी वर्कचे ब्लाऊज शिवते. रिटायर झाल्यावर मॅडम एकदा फॉल-पिकोला साडी घेऊन आल्या, तर काउंटरवर एका नवरीचा ब्लाऊज पडलेला.

चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"फूल मोगऱ्याचं, पान गुलाबाचं, वेल भोपळ्याचा. हे कुठल्या कुळातलं गं?"

"मॅडम, कॅटलॉगमधलं हाये."

"बारावीतही हेच करायचीस."

दुसऱ्या दिवशी स्वतःची वही आणून दिली. येडशीच्या जंगलात नाहीतर कुणाच्या बांधावर बसून, पाकळ्या मोजून काढलेली झाडं.

"पैठणीवर ज्यानं पहिलं कमळ काढलं, त्यानं तळ्यातलं बघितलंच असणार. तू निदान कागदावरचं बघ."

त्यातलं एक निळं फूल मला लई आवडलं.

मी हायवेवरच्या दुकानात वाढलेली, शेतात कधी गेले नाही. नाव न वाचताच पूजा नावाच्या नवरीच्या साखरपुड्याच्या ब्लाऊजवर, अख्ख्या पाठीवर, ते भरून दिलं.

तिसऱ्या दिवशी पूजाची होणारी सासू, ईट गावच्या पारूबाई, ब्लाऊज पिशवीत घालून दुकानात हजर.

"आगं, हा केना हाय! जन्म गेला माझा केना खुरपण्यात, आन तू सुनेच्या पाठीवर लावून दिलास? समदे पाव्हणे हसले. लग्नाचे ब्लाऊज दुसरीकडं शिवणार आमी!"

अकरा ब्लाऊजची ऑर्डर चालली होती हातातनं.

मॅडम नेमक्या तिथंच बसल्या होत्या. उठल्या, वही उघडली, आणि तास चालू. दोन पाकळ्या मोठ्या का, तिसरी लहान का, सगळं.

पारूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चित्रावर बोट ठेवलं.

"बाई, समदं बरोबर. पर ह्याची खालची फुलं कुठं हायेत?"

"खालची?"

"मातीतली. पांढरी. तितंच बी धरतंय. म्हणून तर वरून खुरपलं तरी जात न्हाय मेला."

मॅडमनी वही डोळ्यांजवळ धरून चित्र परत बघितलं.

"पुस्तकात वाचलं होतं," शेवटी हळूच म्हणाल्या. "चित्रासाठी मी तो वरून तोडून आणला होता."

दोघी दुकानामागच्या रानात गेल्या. येताना कोपरापर्यंत माती, आणि मुळासकट केना.

ठेवला कुठं? माझ्या कोऱ्या सिल्कवर!

मॅडमनी तिथंच चित्र पुरं केलं. पारूबाई डोक्यावर उभ्या. "आजून एक मुळी. हां. आता झाला केना."

लग्नाच्या ब्लाऊजवर परत केनाच भरला, कमरेपाशी मातीतल्या फुलांचे पांढरे मणी लावून.

लग्नात पारूबाई सुनेला पाठमोरी उभी करून सगळ्यांना दाखवत होत्या, "हे मणी म्या सांगितले."

तेव्हापासून बायका करडई मागतात, जवस मागतात, एकीनं तर गोखरू मागितला. मॅडम काढायच्या, मी भरायचे.

आज निरोप कळल्यावर पारूबाई मिळेल त्या एसटीनं आल्या. मॅडमच्या अंगावरचे हार बघितले.

"ह्यातली निम्मी फुलं प्लास्टिकची हायेत," म्हणाल्या.

आणि तिथंच मांडी घालून एकेक उपटून काढायला लागल्या.

मीही शेजारी बसले आणि काढू लागले.

सुखानं जा, मॅडम.