मार्कंड्याच्या वाळूवरची पंगत

प्रणाली गेली त्या आश्विनापासून मी देवाशी बोलणं सोडलं होतं. भांडण केलं नव्हतं. भांडायलासुद्धा समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं, तेवढंही मला वाटत नव्हतं. रोज सकाळी न चुकता पूजा करणारी मी, एके दिवशी देव्हाऱ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आणि पाठ फिरवली. आमच्या ह्यांनी तो पाहिला, पण काढ म्हणाले नाहीत.

प्रणाली आमची एकुलती एक मुलगी. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. आई आणि वडील दोघांच्याही रक्तातून तो थोडा थोडा आला की लेकराच्या वाट्याला पुरा येतो. आम्हा दोघांना कधी काही झालं नाही, जे झालं ते तिलाच. थंडी पडली की तिचे सांधे धरायचे, ती उशीत तोंड खुपसून कण्हायची. मी पाणी तापवायची, फडकं पिळून गुडघे शेकायची, गोळ्यांची वेळ सांभाळायची, पाणी पी म्हणून मागे लागायची. ती लहान होती तेव्हापासून कॉलेजला जाईपर्यंत माझ्या हातांना हेच काम होतं. मग एका दुखण्यात तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी जे करायचं ते सगळं केलं, पण ती परत आली नाही. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी स्वयंपाकघरात उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं की आता पाणी कुणासाठीच तापवायचं नाही.

त्यानंतर भीती आली. दुःख येणार हे मला माहीत होतं, भीतीचं कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी डोळा उघडला की छातीत धडधड सुरू व्हायची, तळहात गार पडायचे. आता काहीतरी वाईट होणार असं वाटायचं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, तरी वाटायचं. मी अंगणवाडीत सेविका आहे. तिथं जाणं बंद झालं, कारण लेकरांचा आवाज सहन होत नव्हता. पुढे अंघोळ लांबली, वेणी राहिली. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा सरली, आमच्या वडशात नाटकांचे दिवस सुरू झाले, गल्लीतून नाटकाच्या जाहिरातीची भोंग्याची गाडी जायची आणि मी कानात बोळे घालून भिंतीकडे तोंड करून पडायची. आमचे हे राइस मिलमध्ये कामाला. सकाळी स्वतः खिचडी टाकायचे, माझं ताट झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी आले की तेच ताट तसंच उचलून गाईला घालायचे.

शेजारणी यायच्या, जवळ बसायच्या. "देवाची मर्जी," म्हणायच्या. कुणी म्हणायचं, "चांगलं माणूस देवाले लवकर पायजे असते." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ते ऐकून मी आणखी आत जायची.

ह्यांनी मला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, आजाराचं नावही सांगितलं. आणि म्हणाल्या, "रोज सकाळी उठून एक छोटं काम करा. अंगण झाडा, एखाद्या झाडाला पाणी घाला. मन नसलं तरी करा. मन मागून येतं." मला त्यांचा राग आला. माझी पोरगी गेली आणि ही मला झाडू मारायला सांगते! गोळ्या मी कपाटात कपड्यांखाली सारून दिल्या.

माघ सरत आला. महाशिवरात्रीला मार्कंड्याला जत्रा भरते, वैनगंगेच्या काठी महादेवाचं जुनं देऊळ आहे. आमचे हे फारसे देवभोळे नाहीत. तरी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे म्हणाले, "चाल, मार्कंड्याले जाऊन येऊ. पाया नको पडू पायजे त. नुसती चाल." मी निघाले, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो आणि तो माझ्यात नव्हता. दुसरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. तिथं नदी आहे.

जत्रेच्या एसटीत माणसं खच्चून भरली होती. देवळाशी बायांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. हे मला रांगेत उभं करून त्यांच्या रांगेत गेले. पुढच्या बाईच्या हातात बेलाची पानं होती, मागं कुणीतरी हर हर म्हणत होतं. अचानक छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं. श्वास आत जाईना. मी रांगेला बांधलेली दोरी उचलून बाहेर पडले आणि उताराकडे चालू लागले. दुकानं मागं पडली, वाळू सुरू झाली. पाणी पलीकडे चकाकत होतं. मला तेव्हा रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. त्या शांतपणाचीच आज मला भीती वाटते.

"ओ बाई! एकटीच हाय का?"

मी थांबले. वाळूवर एक ट्रॅक्टर उभा होता, चुलीवर भाताचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढलेला होता. सावलीत एक म्हातारी पळसाच्या पानांचा ढीग घेऊन बसली होती. मूल गावाकडच्या एका खेड्यातली भजनी माणसं शिवरात्रीचा उपास सोडायला तिथं स्वयंपाक करत होती, हे मला मागून कळलं.

"मले म्हणता?" मी विचारलं.

"मंग कोणाले? माही सून तापानं फणफणून राह्यली, थे पडली ट्रॅक्टरमंदी. मानसं आंघोळीहून आले का जेवाले मांगतीन, आन पत्रावळ्याच नाई. बस इथी, हात लाव."

"मले जायाचं हाय."

"कुठी?"

तिनं सहज विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. उत्तर देता आलं नाही म्हणून मी बसले.

तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलेली पानं माझ्या मांडीत टाकली, बारीक काड्यांची जुडी पुढे सरकवली. पहिलं पान माझ्या हातात फाटलं. दुसरंही.

"अवो, पानं काऊन फाडून राह्यली? देठ खालून घे. मायनं शिकवलं नाई का तुले?"

कित्येक महिन्यांत माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं. सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपत होते. आणि आईनं शिकवलं होतं हो. लग्नाआधी कितीतरी पंगतींच्या पत्रावळ्या मी केल्या होत्या. पान पानावर ठेवायचं, काडी टोचायची, मोडायची, पुन्हा टोचायची. हळूहळू बोटांना आठवलं. म्हातारी मधूनमधून माझ्या पत्रावळीकडे बघून "भोक राह्यलं, वरण गळन" म्हणायची, मी तिथं आणखी एक पान लावायची. माझं कुंकू, माझं घर, माझं दुःख, तिनं काही विचारलं नाही. तिला पत्रावळ्यांची घाई होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एका क्षणी जाणवलं की माझा श्वास मोकळा चाललाय, आणि तो केव्हापासून तसा चाललाय हे मला ठाऊक नाही.

तेवढ्यात समोर आमचे हे दिसले. छातीपर्यंत चिंब भिजलेले, पायांत चपला नाहीत, डोळे लाल. मला पाहून ते जागीच थांबले. मग तिथंच वाळूवर बसले.

"कुठी होते तुम्ही?" मीच विचारलं.

"पाण्यात पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की ह्यांना सगळं माहीत होतं. माझ्या मनातलं, जे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं, ते ह्यांनी रोज झाकलेलं ताट उचलताना वाचलं होतं. हा माणूसही बाप होता. त्याचीही पोरगी गेली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडले तेव्हा त्यानं कुणाकडे तोंड करावं, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. "असा कसा भिजला भाऊ? सदरा काढ, वाळत घाल. आन बसलाच हाय त बाईच्या हाती काड्या दे."

ते मला एकेक काडी देऊ लागले.

पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी. म्हातारीनं आम्हाला उठू दिलं नाही, स्वतः वाढलं. मी जेवले. पोट भरून जेवले. शेजारी हे भाताचा घास हातात घेऊन रडत होते आणि भजनी माणसं, काही न विचारता, त्यांच्या पानावर आणखी वरण वाढत होती.

त्या दिवशी मी गाभाऱ्यात गेले नाही. घरी आल्यावर कपाटातल्या गोळ्या काढून ह्यांच्या हाती दिल्या आणि म्हटलं, "रोज तुम्ही द्या, माह्या भरवशावर राहू नका." पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नदीचंही त्यांना सांगितलं. सांगताना लाज वाटली, पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मी बरी झाले असं म्हणणार नाही. सकाळी अंगण झाडते, सडा टाकते. काही दिवशी सडा टाकून पुन्हा अंथरुणावर जाते, तेवढंच होतं. देवळात जेवण असलं की आदल्या दिवशी पत्रावळ्या टाचायला बसते. अंगणवाडीत आधी नुसते तांदूळ निवडायला जायची, लेकरं नसताना. मग एक दिवस लेकरं असताना गेले. भीती अजून येते. ती आली की मी हातात काहीतरी घेते, लसूण सोलते, वाती वळते, आणि ती जाईपर्यंत करत राहते. देव्हाऱ्यावरचं फडकं मी केव्हा काढलं ते आठवत नाही. मूर्ती घासायच्या होत्या म्हणून काढलं असेल.

मैत्रिणी म्हणतात, त्या म्हातारीच्या रूपात महादेवच भेटला. मला माहीत नाही. ती रागीट होती, तिच्या साडीला वांग्याच्या भाजीचा वास येत होता, आणि तिची सून खरोखरच तापली होती. मी एवढंच म्हणते, की त्या वेळी त्या जागी मला कुणीतरी "बस" म्हणायला हवं होतं आणि कुणीतरी म्हणालं.

पुढच्या वर्षीही शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. ट्रॅक्टर दिसला, म्हातारीही दिसली. सून बरी होती, शेजारी बसून भराभर हात चालवत होती. यंदा माणसं पुरेशी होती. मी वाकून नमस्कार केला तशी म्हातारी दचकली.

"काऊन वो बाई? कोन तू? मी ओळखलं नाई."

मी सांगणार होते. पण तिच्या चेहऱ्यावर काहीच आठवण नव्हती, आणि असं वाटलं की असू दे. तिनं माझ्यावर उपकार केला हे तिला माहीतच नव्हतं. देणारा विसरला तरी घेणाऱ्यानं विसरू नये, एवढं पुरे. "जत्रेत आली होती, पाया पडली," म्हटलं. "सुखी राह्य," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मग मी रांगेत उभी राहिले. मध्येच धडधड सुरू झाली, हात गार पडले. मी बाहेर पडले नाही. पुढची बाई एक पाऊल सरकली की मीही एक पाऊल सरकायची. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं असतं, सगळं एकदम देवाच्या पायांवर टाकून मोकळं होणं, असं मी समजत होते. माझ्याच्यानं तेवढं होत नाही. मला एक पाऊल जमतं. तेवढंच मी त्याच्यावर सोपवते, पुढचं पुढे.

गाभाऱ्यात अंधार होता, गारवा होता. पुजारी म्हणाले, "काय मागायचं ते मागा, बाई." मला मागायचं काही नव्हतं. जे मागितलं असतं ते मिळणार नव्हतं. मी पिंडीवर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, "प्रणाली."

दीड वर्षात तिचं नाव मी पहिल्यांदाच तोंडानं घेतलं होतं. मागून रांग पुढे सरकली. मी डोळे पुसले आणि बाहेर उन्हात आले.