उभ्या ओळीतल्या आडव्या रेघा

भूतबित मी कधीच मानलं नाही. उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये माझं डीटीपीचं दुकान आहे — लग्नपत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड. मशीन अडलं की त्याला शिव्या घालणारा मी माणूस, हात जोडणारा नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

माझी धाकटी बहीण प्रज्ञा बदलापूरला घरीच जपानी शिकवायची. मुलांसाठी तिने एक छोटं पुस्तक लिहिलं होतं — एका पानावर मराठी गोष्ट, समोरच्या पानावर तीच जपानीत, वरून खाली. लाटेकमध्ये, म्हणजे कोड लिहून पानं लावायचं सॉफ्टवेअर असतं त्यात. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. पुस्तक लिहून झालं होतं, पानं लावणं अर्धवटच राहिलं. आईचा एकच हट्ट, "तिला जाऊन वर्ष होईल तेव्हा पुण्यानुमोदनाला तिचं पुस्तक वाटायचं. आणि चूक नको हां, माझ्या पोरीला चूक खपायची नाही."

म्हटलं, माझ्या डाव्या हातचं काम! डोंबल. अक्षरं वरून खाली लागली, पण जपानीत लांब उच्चार दाखवायला रेघा असतात त्या आडव्याच, पूर्णविराम भलत्याच कोपऱ्यात. उभ्या मजकुराची चिन्हं फॉन्टमध्ये वेगळी असतात, ती चालू करावी लागतात, एवढं कळलं. कशी, ते कळेना. आठ दिवस डोकं फोडलं. शेवटी तशाच पन्नास प्रती काढल्या, एका फाइलमधून, एका दमात. आईला काही बोललो नाही.

अंबरनाथच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. प्रज्ञाची विद्यार्थिनी ऋतुजा आईला आईच्याच हातातल्या प्रतीतून वाचून दाखवत होती. मध्येच थांबली. "दादा, माझ्या पुस्तकात रेघा चुकल्यात... पण आजींच्या पुस्तकात सगळं बरोबर आहे!"

मी पुस्तक हिसकावलंच. प्रत्येक रेघ उभी. प्रत्येक पूर्णविराम जागच्या जागी. बाकीच्या एकोणपन्नास प्रती एकेक करून बघितल्या — सगळ्या चुकलेल्या. दुकानात येऊन तीच फाइल पुन्हा छापली... तीही चुकलेली.

तिथे विहारात आईने विचारलं होतं, "काय रे, राहिलं का काही?"

"नाही गं. एकदम बरोबर आहे," एवढं म्हटलं आणि सगळ्यांसमोर रडलो.

ती एक प्रत बरोबर कशी आली, मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर सांगा.

पुढे ती सेटिंग सापडली. फॉन्टच्या नावाशेजारी एक शब्द टाकायचा, बस्स. आजारी पडायच्या महिनाभर आधी प्रज्ञा दुकानात आली होती. "दादा, फॉन्ट अडलाय, अर्धा तास बसशील माझ्यासोबत?" मी मान वर न करता म्हटलं होतं, "लग्नाचा सीझन संपू दे गं."