चांदीचे घाट

माझं माहेर करजगीचं. तिथं पाण्याच्या कुठल्याही भांड्याला आम्ही चंबूच म्हणायचो. मादन हिप्परग्याला लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला भांड्यांचे घाट शिकवले. बुडाशी पसरलेला तांब्या तो बसका, उंच मानेचा तो उभट, आठ बाजूंचा तो पैलूदार. कुंकवाची कोयरी कैरीच्या आकाराची. ती त्यांच्या आईची. सणाआधी चांदी घासायला बसलो की त्या एकेक भांडं पुढं करायच्या आणि मी चुकले की परत विचारायच्या.

निजामाचं राज्य संपायच्या वर्षी आमच्या भागात लुटालूट चालली होती. गावातली तरणी माणसं हद्दीपलीकडं सोलापूरकडं गेली होती, माझा नवराही. एका दुपारी खाकी कपड्यातले बंदूकवाले घरात शिरले. सासरे दारात आडवे आले. त्यांच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला. ते पडल्यावरही एक जण लाथा घालतच राहिला.

त्यांनी घरातली चांदी अंगणात ओतली. भांडी पोत्यात मावेनात, तेव्हा एकानं आमचंच मुसळ उचललं आणि ती ठेचायला लागला. तांब्यांची पोटं फुटली, झारीची तोटी मोडली. मुसळ कोयरीकडं वळलं तशी सासूबाईंनी ती झडप घालून मुठीत धरली. त्यानं मुठीवरच घाव घातला. त्यांनी मूठ सोडली नाही. त्यानं दुसरा घातला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मोडक्या बोटांतून त्यानं कोयरी ओढून काढली.

मी फुटकी झारी उचलून त्याच्या कानशिलावर मारली. रक्त आलं. मला बरं वाटलं, आजही वाटतं. मग त्यानं माझा जबडा फोडला.

सासरे त्याच आठवड्यात गेले. सासूबाईंची उजवी मूठ आखडली ती पुन्हा उघडली नाही.

भारताची फौज आल्यावर लुटीचा माल आळंदच्या कचेरीत ठेवल्याचं कळलं. आम्ही दोघी गेलो. अधिकाऱ्यानं भांड्यांचे आकार विचारले. सासूबाईंनी सगळे घाट सांगितले. तो बिचारा म्हणाला, "मावशी, इथं नुसता पत्रा उरलाय."

सासूबाई ढिगाजवळ बसल्या आणि डाव्या हातानं शोधत राहिल्या. एका चपट्या तुकड्यावर आठ घड्या दिसल्या. पैलूदार तांब्या. घडीत रक्तासारखं काळं काही वाळलं होतं. मी पदरानं पुसायला गेले.

"कामून पुसायलीस?" त्या म्हणाल्या. "कुणाचं हाय ते ठाव न्हाई. ऱ्हाऊ दे."

कोयरी मिळाली नाही. अधिकाऱ्यानं तो तुकडा तेवढा आम्हाला दिला. नवरा परतला तेव्हा रब्बीची पेरणी तोंडावर होती आणि बैल लुटारूंनी नेलेले. सासूबाईंनी तो तुकडा त्याच्या हातात ठेवला, हा विकून बैल बघ म्हणाल्या. त्यात एकच बैल आला. दुसरा शेजाऱ्याचा जोडून आम्ही ज्वारी पेरली.